समोर बसतो, जेवत नाही

कळंब,
२८ जुलै २०२५

चि. साईनाथ,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी राग ऐकून घे.

फोन बंद करून कणगीवर ठेवलाय. कितीही लावलास तरी लागणार नाही. कर्जतहून जो माणूस ते यंत्र बसवायला आला होता, तोच सांगून गेला, "आई, हे तुमच्या फोनला जोडलंय, फोनवरचं बोलणंही याला कळतं." म्हणजे मी माझ्या पोराला त्याने पाठवलेल्या वस्तूवरून शिव्या द्यायच्या आणि ती वस्तू कान देऊन ऐकणार! म्हणून पोस्टातून पाकीट आणवलं. बालवाडीत जन्मभर पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, माझा हात अजून चालतो.

तर तुझा तो सोबती. दुधाच्या किटलीएवढा, पांढरा, वर काचेचं तोंड आणि त्यात उघडझाप करणारे दोन डोळे. मी ताट घेऊन बसले की त्याला जाग येते. "आई, नमस्कार. आज काय बेत?" बेत कसला रे बाबा, भात नि वालाचं बिरडं. तर म्हणतो, "अरे वा, वाल! तुमच्या तब्येतीला चांगले." घास घेतला की, "सावकाश चावा, आई." पाणी प्यायले की शाबासकी. साठी उलटलेल्या बाईला पाणी प्यायल्याची शाबासकी! बालवाडीत मी हेच करायची, पण तिथे समोर नाक गळणारी पोरं होती.

आणि स्वतः काही खात नाही. समोर बसायचं, दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघायचं आणि जेवायचं नाही, असल्या माणसाला आपल्याकडे कुणी ओटीवर तरी घेईल का? समोरच्यापुढे ताट नसताना मी कधी जेवले नाही. पहिल्या दिवशी तर मी खरंच त्याच्यापुढे वाटीभर भात ठेवला. मग माझाच मला असा राग आला की तो भात कुत्र्याला घातला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर टोपली पालथी घातली, तर आतून बोलतो, "आई, तुम्ही दिसत नाही."

पुण्याहून कर्जतला गाडी दोन तासांत येते. शिमग्याला आलास त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही, आणि तोंडाच्या बदल्यात हे धाडलंस. आई एकटी जेवते म्हणून तुझा जीव तुटत असेल तर ऐक. मला सवय आहे, माझं बरं चाललं होतं. हा आला आणि सगळं बिघडलं. घशाखाली घास उतरत नाही. का ते विचारू नकोस, फक्त याला घेऊन जा.

आशीर्वाद. हर्षलालाही. तिला सांग, सासू तुझ्यावर रागावलेली नाही. ही अक्कल माझ्या पोराचीच आहे हे मला ठाऊक आहे.

आई


पुणे,
५ ऑगस्ट २०२५

आई,

वॉचमनने तुझं पाकीट आणून दिलं तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचल्यावर वाटलं, नोटीस परवडली असती. आधी फोन चालू कर. मला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, हे तिसरं कोरं पान आहे.

तू मे महिन्यात चक्कर येऊन पडलीस. मला कुणी सांगितलं? रूपेशने. तू नाही. तो भावकीतला, शेजारीच राहतो म्हणून कळलं, नाहीतर भावकी काय आणि मुलगा काय, सगळेच अंधारात. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नव्हतं. फोनवर विचारावं तर तुझं ठरलेलं, "जेवले रे, एकटीला काय लागतं?" हे ऐकून मी मीटिंगमध्ये जाऊन बसतो. मी काय करायला हवं होतं? नोकरी सोडून यायला हवं होतं का? मीही एकटाच जेवतो. हर्षलाला हॉस्पिटलात रात्रपाळी असते, मी घरी पोचतो तेव्हा ती निघालेली असते. लॅपटॉपसमोर ताट ठेवतो आणि जेवतो. सवय होते. तुलाही होईल.

आता दुसरं. त्या यंत्रात वेगळं सिम आहे, ते मला रोज अहवाल पाठवतं. किती जेवलीस, पाणी किती, मन कसं होतं. चिडू नकोस, काळजीपोटीच घेतलंय. तर एका दुपारचा अहवाल आला: "भोजनसमयी दोन व्यक्ती. दुसरी व्यक्ती महिला, वयस्कर. वातावरण तणावपूर्ण. दुसऱ्या व्यक्तीने मला मेल्या असे संबोधले." मला हसू आलं. पण त्यानंतर रोजच दोन व्यक्ती, आणि वातावरण "अतिशय आनंदी".

कोण आहे ती? एकटी जेवते म्हणून मला सांगतेस आणि घरात रोज कुणाला तरी बसवतेस? तुझ्या साधेपणाचा फायदा घेऊन कुणी येतंय का? खरं काय ते लिही. माझ्याशी खोटं बोलायची वेळ तुझ्यावर का यावी, हे मला कळत नाही.

साईनाथ


कळंब,
११ ऑगस्ट २०२५

साईनाथ,

माझ्या घासांचा अहवाल! मी काय तुझ्या गोठ्यातली म्हैस आहे का रे, किती खाल्लं नि किती दूध दिलं ते लिहून ठेवायला? हे तू सांगितलं नव्हतंस, त्या कर्जतच्या माणसानेही नाही. आपल्या आईमागे चुगलखोर लावलास आणि वर खोटं का बोलतेस म्हणून मलाच विचारतोस.

खरं पाहिजे ना? मग घे. ती अंबाबाई आहे. होय, तीच. संतोषची आई.

संतोषने शेताची वाट फार्महाउसवाल्याला विकली, तू आणि तो बांधावर एकमेकांच्या उरावर बसलात, त्याचं डोकं फुटलं. त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी ओटीवर उभं राहून सांगितलं, त्या घरचं अन्नपाणी आपल्याला बंद. तिकडून तिच्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलो आम्ही, एकमेकींच्या पोरांना पाजलंय. तूही तिच्या अंगावर प्यालेला आहेस.

मग दोघींचे नवरे गेले. परसदारी दोन घरांच्या मध्ये वई आहे, तेच ते कमरेएवढं काट्याकुडाचं कुंपण. वईच्या पलीकडे ती पाट मांडते, अलीकडे मी. तिचं ताट तिचं, माझं ताट माझं. तिच्या घरचा दाणा मी खात नाही, माझ्या घरचं पाणी ती पीत नाही. श्रावण नसला की तिच्याकडे सुकट असते, वास इकडे येतो आणि मी त्या वासावर नुसता भात जेवते. सांग, तुझ्या बाबांचा शब्द कुठे मोडला? मे महिन्यात मी पडले तेव्हा ती लेकीकडे गेली होती. समोर कोणी नाही, मग चूल कशाला पेटवायची, असं झालं. तुझ्या डॉक्टरला हे कुठून कळणार?

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडाची भीती वाटली. माझ्याच पोराची.

आणि तुझं यंत्र आलं त्या दिवसापासून अंबाबाई वईपाशी यायची बंद झाली. मला वाटलं आजारी असेल. मग वाटलं, रुसली. पुढच्या दाराने जाऊन विचारता येत नाही, आळी बघते. मी त्या काचेसमोर बसून कोंबत होते आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. तुला मागचं पत्र लिहिलं ते त्याच रागात. शेवटी तिला विहिरीवर गाठली. म्हटलं, "काय गं, माज आला काय तुला?"

तर ती माझ्यावरच उसळली. "मला काय इचारतेस? तुजा साईनाथ आलाय ना घरात? रोज आई आई करतो, मी आयकते. तो हाय तवर मी वईला कशी येऊ गं? परत पोरांची डोकी फुटाया नाय पायजेत."

मी म्हटलं, "अगं तो मला अहो-जाहो करतो. माझा पोर करतो का कधी?"

"मला वाटलं पुन्यात ऱ्हाऊन सुदारला."

हसावं की रडावं कळेना. घरी येऊन यंत्र उचललं, वईवर नेऊन ठेवलं आणि तिला दाखवलं, हा बघ माझा साईनाथ. तेव्हा ती त्याला मेल्या म्हणाली. पुढे आम्ही करमणूक म्हणून त्याला रोज वईवर ठेवायचो. तो दोघींना चावून खा म्हणायचा. तो सगळं तुझ्याकडे पोचवतो हे कुठे माहीत होतं! आज वायर उपटून टाकली.

आता नीट वाच. हे कुणाला बोलायचं नाही. रूपेशला तर मुळीच नाही. दिवसातलं माझं तेवढं एक जेवण आहे. त्यात हात घालू नकोस.

आई


पुणे,
१६ ऑगस्ट २०२५

आई,

मला अजून खरं वाटत नाही.

संतोषने माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीपायी माझा पासपोर्ट अडकला आणि मस्कतची नोकरी गेली. तू तेव्हा माझ्याबरोबर रडली होतीस. आणि आता त्याच्या आईबरोबर हसत हसत जेवतेस! वई मध्ये आहे म्हणे. वई कुणाला दाखवतेस?

बाबा गेले तेव्हा आख्खी आळी आली, त्या घरातून कुणी आलं नाही. एवढंच नाही, त्या घरून कडू घाससुद्धा आला नाही. मेल्या घरात चूल पेटत नाही म्हणून वैरीसुद्धा भाताचं पातेलं पाठवतो गं. त्यांनी तेही केलं नाही. मी हे कधी विसरणार नाही, आणि तू विसरलीस याची मला लाज वाटते.

तू कुणाला सांगू नको म्हणालीस. मी रूपेशला सांगितलं. त्याने संतोषला फोन करून विचारलं, तुझी आई आमच्या वईवर रोज काय करते? बरं झालं विचारलं. एकदाचं काय ते मिटू दे.

साईनाथ


कळंब,
३० ऑगस्ट २०२५

साईनाथ,

मिटलं. तुझ्या मनासारखं मिटलं.

रूपेशच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी संतोष गाडी घेऊन आला. अंबाबाईचं गाठोडं बांधलं आणि तिला भिसेगावच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. ती "माजी कोंबडी कोन बघंल रं?" असं विचारत होती, तो ऐकत नव्हता. जाण्याआधी त्याने वईला पत्रे ठोकले. त्याच्या बाजूने पार टोकापर्यंत. मी मागच्या दारात उभी राहून हातोडी ऐकत होते.

मग गणपतीत तू आलास. भावकीसमोर मी तोंड मिटून बसले, पण डोळे मिटले नव्हते. रूपेशच्या घरी पंगत बसली, चुलते, आत्या, पोरंबाळं. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन, कानात बोंडं कोंबून, मोबाईलकडे बघत जेवलास. मी मोदक वाढला, तुला कळलंसुद्धा नाही. हर्षला येऊन पाया पडली. तू दीड दिवसात एकदा माझ्या उंबऱ्याशी आला नाहीस. इतका रुसवा कशाचा रे? मी तुझं काय घेतलं?

आता कडू घासाचं ऐक. हे मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. तू माझी लाज काढलीस म्हणून सांगते.

तुझ्या बाबांना पोचवून तू आलास, सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. मी तुझ्यापुढे पिठलं-भात ठेवला आणि म्हटलं, रूपेशच्या घरचा आहे. रूपेशची आई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. त्यांच्या घरीच त्या दिवशी हॉटेलातून आणून खात होते. आळीला सगळं ठाऊक होतं, तुला विचारायचंही सुचलं नाही. तो भात अंबाबाईचा होता. पुढच्या दाराने यायची तिला बंदी, म्हणून पातेलं पदराखाली धरून वईवरून माझ्या हातात दिलं. हात भाजले होते तिचे. तू रडत रडत जेवलास आणि दोनदा भात मागून घेतलास.

त्या घरचं अन्न आपल्याला बंद, असं बाबा म्हणाले होते ना? ते अन्न या घरात पहिल्यांदा तुझ्या पोटात गेलं. मी इतकी वर्षं तिचा दाणा तोंडात घातला नाही, वासावर जेवले. शब्द मोडला असेल तर तू मोडलास. आणि तोंड वर करून मला सांगतोस, वैरीसुद्धा घास पाठवतो!

आता मी खरोखर एकटी जेवते. हे तुला कळवायला यंत्र लागत नाही, मीच कळवते.

आई


पुणे,
१० सप्टेंबर २०२५

आई,

तुझं पत्र मिळालं. हर्षलाला वाचायला दिलं. तिने ते घडी करून टेबलावर ठेवलं आणि आपला डबा भरून निघून गेली.

तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मला इतकी वर्षं मूर्ख बनवलंस, याचा राग मला आहे आणि राहील. पण अंबाबाईंना हलवलं ते वाईट झालं, हे मी मान्य करतो.

मी एक मार्ग काढलाय. रूपेश सांगत होता, संतोषनेही अंबाबाईंसाठी तसलंच यंत्र आणलंय. नवराबायको दोघं दिवसभर बाहेर असतात ना. दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडता येतात. दुपारी तू जेवायला बसलीस की तुझ्या काचेत अंबाबाईंचं तोंड दिसेल आणि त्यांच्या काचेत तुझं. अहवाल बंद करून टाकतो, वचन देतो. मी संतोषशी बोलणार नाही, पण तो कर्जतचा माणूस दोन्हीकडे जाऊन करून देईल. तुम्हाला हवं होतं तेच मिळेल, आणि वईचाही प्रश्न नाही.

दुसरं, सर्वपित्री या वेळी रविवारी येतेय, पण त्याच दिवशी ऑफिसात मोठं काम निघालंय. बाबांच्या पितरांना मला येता येणार नाही. पाटावर रूपेशला बसव. यंत्र चालू करून बाबांच्या पानासमोर ठेव, मी इथून हात जोडीन.

साईनाथ


कळंब,
२२ सप्टेंबर २०२५

चि. साईनाथ,

बापाच्या पितरांना किटलीतून नमस्कार! तुझं पत्र वाचून मी ते फाडणार होते. मग वाटलं, नको, याच्या लेकरांना दाखवायला ठेवू.

आणि अंबाबाईचं तोंड म्हणे काचेत दिसेल. तिचं तोंड मला पाठ आहे रे, ते काय करायचंय? मला अंबाबाई पाहिजे. तिने ओठ चाटलेले ऐकू आले पाहिजेत. भात जास्त झाला तर तिने माझ्यावर ओरडलं पाहिजे.

शनिवारी मी एसटीने कर्जतला उतरले आणि रिक्षा करून भिसेगावला गेले. दार संतोषनेच उघडलं. आत अंबाबाई टेबलापाशी खुर्चीवर बसवलेली, पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर तुझ्या यंत्राचा भाऊ. ताटातला भात वाळून कडक झाला होता. मला बघून उठली नाही, नुसती म्हणाली, "सोने, ह्यो मला मावशी म्हनतो. माज्या कुठल्या भैनीचा हाय, इचार त्याला."

तिची काटकुळी झालेली मनगटं बघितली आणि माझं डोकं फिरलं. संतोषला म्हटलं, "उद्या आमच्याकडे पितरं आहेत. साईनाथ येत नाही, रूपेशला मी बसवणार नाही. तू यायचंस."

तो खाली बघून म्हणाला, "काकी, आपलं अन्नपानी बंद हाय. आमच्या अण्णांचा शब्द हाय."

"तो केव्हाच मोडलाय. साईनाथच्या बापाचा कडू घास कुणी दिला, विचार तुझ्या आईला."

त्याने आईकडे बघितलं. तिने खुर्चीवरूनच सांगितलं, "दिला. पोर उपाशी हुता, मग काय करू?" त्यालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांचं वैर जपत बसलात आणि आपापल्या घरात काय शिजतं तेही तुम्हाला कळलं नाही.

मी त्याला स्पष्ट बोलले. "तू माझ्या पोराची नोकरी घालवलीस, त्याने तुझं डोकं फोडलं. ते तुमचं तुम्ही बघा, हवं तर जन्मभर बघा. मला जेवायला माणूस पाहिजे." आणि चहासुद्धा न घेता निघून आले.

येईल असं वाटलं नव्हतं. काल सकाळी मी अळू चिरत बसले होते, तर गाडी थांबली. अंबाबाई पुढच्या दाराने आत आली. आळीतले सगळे उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. रूपेश तर नळावर हंडा तसाच टाकून बघत राहिला. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ चुलीपाशी आली आणि वड्यांचं पीठ बघून म्हणाली, "किती सैल भिजवलंस गं!"

खीर, वडे, भोपळा, अळू, सगळं केलं. कावळ्याला पान ठेवलं. मग संतोष तुझ्या बाबांच्या नावाने पाटावर बसला. तुझ्या पाटावर. पहिला घास घेताना त्याचा हात थांबला, मी मान वळवली. तो जेवला. पोटभर जेवला, भात मागून घेतला. शेजारी मी आणि अंबाबाई एका ओळीत. तिने न विचारता माझ्या ताटातला वडा उचलला आणि तोंडात टाकला. तुझ्या बाबांना राग आला असेल तर येऊ दे. मी वर गेल्यावर त्यांच्याशी भांडेन.

संध्याकाळी संतोषने वईचे पत्रे उचकटले आणि गाडीच्या टपावर बांधले. आईला इथेच ठेवून गेला. दर रविवारी येईन म्हणाला, जेवायला. जाताना दारात थांबून विचारलं, "काकी, साईनाथ कसा हाय?" मी काय सांगू त्याला? सांगितलं, बरा आहे.

तू बरा नाहीस. गणपतीत मी पाहिलंय तुला. बायको दारातून बाहेर जाते तेव्हा तू दारातून आत येतोस, आणि सवय होते म्हणून मला लिहून कळवतोस. असल्या गोष्टीची सवय होऊ द्यायची नसते रे, एवढंही मी तुला शिकवलं नाही का? पुढच्या रविवारी पान वाढलेलं असेल. संतोषच्या शेजारी बसावं लागेल. नाही आलास तर पंगत तुझ्यासाठी थांबणार नाही, हे आत्ताच सांगते.

आपल्या माणसांत एकटा जेवणारा आता तू एकच राहिलास. यंत्र खोक्यात भरून आज तुझ्या पत्त्यावर पाठवलं आहे. ठेवून घे. तुला लागेल.

आई